उंबऱ्यावरचे दोन प्रश्न

गेल्या महिन्यात एका खालांकडे बसले होते. आशाताई आल्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा होता. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का, असं सगळं विचारून झालं. सून ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. वय बत्तीस, म्हणजे तिचाही फॉर्म आलाच. शेवटी आशाताईंनी दोन प्रश्न वाचले. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही, कशात आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटणं किती दिवस झालं?

प्रश्न सुनेला होता. उत्तर खालांनी दिलं. "हमारे घर में ऐसा कुछ नै. झीरो लिखो."

आशाताईंनी दोन शून्यं लिहिली. त्यांना अजून बरीच घरं करायची होती. सुनेनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

मी अठ्ठावीस वर्षं एका इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. फडक्यात बांधलेले केस पेपरचे गठ्ठे, वाळवी, आणि "जुना पेपर सापडत नाही हो मॅडम" म्हणून खिडकीशी ताटकळणारी माणसं. त्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. एकदा कागदावर आलं की ते खरं ठरतं. पुढचा डॉक्टर आधी मागचा कागद बघतो, मग माणसाकडे. आता कागदाच्या जागी संगणक आला, मोबाईल आला. गठ्ठे गेले, वाळवी गेली, पण ही खोड तशीच राहिली. उलट वाढली, कारण आता कागद वाचणाराही संगणकच आहे.

ते दोन प्रश्न कुणी सहज सुचले म्हणून फॉर्मात घातलेले नाहीत. अशाच नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. ती 2001 पासून जगभर वापरली जाते. नावच 'पीएचक्यू नऊ'. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टर पुढे विचारपूस करतात. त्यातले पहिले दोन प्रश्न आपल्या आशाताईंच्या फॉर्मात आहेत. दोन्हींची बेरीज 3 च्या वर गेली तर त्या बाईला आरोग्य केंद्रात पाठवायचं असतं. रक्त नको, सुई नको, मशीन नको, पैसे नकोत. एवढी स्वस्त तपासणी दुसरी कुठली असेल? पण तिची सगळी किंमत एकाच गोष्टीवर आहे. उत्तर ज्याचं त्यानं द्यायला हवं.

अशा नोंदींचं पुढे काय होऊ शकतं याची एक मोठी तपासणी अमेरिकेत झाली. तिथल्या सात आरोग्यसंस्थांच्या संगणकात 2009 ते 2015 या काळातल्या सुमारे 29 लाख रुग्णांच्या, जवळजवळ 2 कोटी भेटींच्या नोंदी होत्या. जुनी दुखणी, औषधं, आणि त्या नऊ प्रश्नांची उत्तरं. संशोधकांनी संगणकाला विचारलं की येत्या नव्वद दिवसांत कोण स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भीती जास्त आहे? निष्कर्ष 2018 मध्ये छापून आले. मानसोपचार विभागातल्या ज्या भेटींना संगणकानं सर्वांत धोक्याच्या 5 टक्क्यांत टाकलं होतं, प्रत्यक्षातले 43 टक्के प्रयत्न आणि 48 टक्के मृत्यू त्यांच्यानंतरच्या नव्वद दिवसांत झाले. म्हणजे निम्मी माणसं आधी ओळखू येण्याजोगी होती. हे वाचून मला वाटलं, आपण धूळ झटकत होतो त्या गठ्ठ्यांत केवढं काय दडलेलं असेल!

पण गोष्ट तिथं संपत नाही. 2021 मध्ये याच धर्तीच्या गणितांची पुन्हा परीक्षा झाली, वंशवार. गोऱ्या, हिस्पॅनिक, आशियाई रुग्णांच्या बाबतीत संगणकाचा अंदाज चांगला निघाला. कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन लोकांच्या बाबतीत तो फार कमी पडला. ज्यांचा वंश नोंदवलेलाच नव्हता, त्यांच्याही बाबतीत तेच. यंत्राला कुणी द्वेष शिकवला होता असं नाही. जो दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, पोहोचला तर मोकळं बोलत नाही, बोलला तर ज्याचं नीट लिहून घेतलं जात नाही, त्याच्याबद्दल संगणकाला काय कळणार? त्याच्या लेखी तो माणूस सुखातच आहे.

आपल्या घरांकडे बघा. नजर लागली, असर झाला, दिल घाबरतंय, कमजोरी आहे, अशी किती नावं आहेत आपल्याकडे त्या एका दुखण्याला! दर्ग्याला जाऊन येतो, पाणी दम करून आणतो, टॉनिक पितो. यातलं काहीच कुठे नोंदलं जात नाही. उद्या इथंही संगणक नोंदी वाचायला बसला, तर आपल्या मोहल्ल्यापुढे त्याला दिसतील नुसती शून्यं.

हे मी खालांना सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "और बात बाहर गयी तो? धाकट्या नणंदेचा रिश्ता बघतोय आम्ही." या प्रश्नाला हसू नये. तो खरा आहे.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. माणसं येत, मनातलं बोलत, आणि ते संगणकात उतरवून ठेवलं जाई. त्या साठ्याला पुरेसं कुलूप नव्हतं. 2020 च्या सप्टेंबरअखेरीस चोरानं आधी कंपनीकडे 40 बिटकॉईन मागितले, सुमारे साडेचार लाख युरो. कंपनीनं दिले नाहीत, तेव्हा त्यानं थेट रुग्णांना ईमेल धाडले. चोवीस तासांत 200 युरो द्या, नाहीतर 500, नाहीतर तुम्ही डॉक्टरशी काय बोललात ते जगजाहीर करतो. तीस हजारांहून जास्त माणसांच्या नोंदी त्याच्या हाती होत्या, आणि काही त्यानं खरोखरच जाहीर केल्या. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. चोर फ्रान्समध्ये सापडला, आणि 2024 मध्ये कोर्टानं त्याला सहा वर्षं तीन महिन्यांची कैद दिली. पण बाहेर पडलेली बात परत आत कशी घालणार?

कधी चोराचीही गरज नसते. अमेरिकेत बेटरहेल्प नावाचं अ‍ॅप आहे, फोनवर समुपदेशक मिळवून देणारं. तुमची माहिती गुप्त राहील असं ते सांगत असे. तिथल्या व्यापार आयोगानं आरोप केला की लोकांचे ईमेल आणि त्यांनी भरलेल्या आरोग्याच्या प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांकडे गेली. चूक मान्य न करता कंपनीनं 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. म्हणून म्हणते, फुकटात मन हलकं करून देणारं अ‍ॅप मोबाईलवर घेताना 'आय अ‍ॅग्री' वर पटकन बोट ठेवू नका. निदान ती माहिती कुणाला देणार आहेत तेवढी ओळ शोधा. सापडली नाही तर अ‍ॅप काढून टाका.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा चांगला आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. कलम 23 प्रमाणे मानसिक आजाराच्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा कोर्टाचा हुकूम, असे मोजके अपवाद आहेत. कलम 24 स्पष्ट सांगतं की संगणकात साठवलेल्या माहितीलाही हाच हक्क लागू आहे. कलम 25 प्रमाणे रुग्ण स्वतःच्या नोंदी मागू शकतो. आणि कलम 21 मध्ये विमा कंपन्यांना बजावलं आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यायचा.

दुसरी गोष्ट ती 14 आकडी आभा नंबरची. तो सक्तीचा नाही. नोंदी दवाखान्याकडेच राहतात, आणि दुसऱ्या दवाखान्याला दाखवायच्या तर तुमची संमती लागते. ती ठराविक मुदतीची देता येते, नंतर मागेही घेता येते. कागदावर व्यवस्था बरी आहे.

पण ही संमती येते कशावर? मोबाईलवर. आणि मोबाईल कुणाचा? मी आमच्या बायकांच्या बैठकीत विचारलं, आधारला कुणाचा नंबर जोडलाय? कुणी म्हणालं मियाँचा, कुणी मुलाचा. एकीचा तर दुबईला असलेल्या दिराचा होता! म्हणजे कागदोपत्री बाईची संमती, आणि ओटीपी दिराच्या हातात. फिनलंडच्या चोराला आपण घाबरतो, आणि किल्ली घरातल्या घरात कुणाकडे आहे ते बघत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधार केंद्रावर जाऊन आपला स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. मुलींच्या बाबतीत तर लग्नाआधीच.

बोलण्यापुरती एक वाट मात्र अशी आहे की तिला आभा नंबर लागत नाही. टेलिमानस, नंबर 14416. 10 ऑक्टोबर 2022 ला केंद्र सरकारनं सुरू केली. फुकट, दिवसरात्र, मराठीतही.

आता त्या सुनेचं. तिला विचारून हे लिहिते आहे. गाव आणि नातं मी बदललं आहे, त्यामुळे कोण असेल याचा अंदाज बांधू नका, चुकाल. आठवड्यानं ती माझ्याकडे आली, मुलाला शिकवणीला सोडून. म्हणाली, "चाची, फॉर्मवरचं शून्य बदलता येतं का?" मी म्हटलं, येतं, आशाताईंना एकटीनं भेट. मग तिनं 14416 विचारला आणि मुलाच्या गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतला. मोबाईलमध्ये नको म्हणाली, मोबाईल सगळे बघतात. फोन माझ्याच मोबाईलवरून लावला. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसले. तांदूळ निवडून संपले तरी तिचं चालू होतं.

काय बोलली ते मी विचारलेलं नाही.