अंदाज आणि अनुमान

इंग्रजीत ‘गेस्टिमेट’ असा एक शब्द आहे. ‘गेस’ म्हणजे तर्क व ‘एस्टिमेट’ म्हणजे काही आधारावर केलेली मोजदाद; ह्या दोहोंचा सांधा जोडून १९३० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत प्रचारात आला. पुरता हिशेब हाती नाही, परंतु अगदीच अंधारात तीर मारावयाचा नाही, अशा मधल्या स्थितीस तो लागू पडतो. शब्द सोयीचा खरा. पण त्यात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झाली आहे, व ती विद्यार्थ्यांस घातक आहे, असे आमचे मत आहे.

तर्काला इंग्रजीत दुसरा भारदस्त शब्द ‘कंजेक्चर’. त्याचे मूळ लॅटिन असून धात्वर्थ ‘एकत्र फेकणे’ असा आहे. गंमत अशी की, आपला ‘अंदाज’ही फेकण्यातूनच जन्मला. फारसीत ‘अंदाख्तन्’ म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचे गोळे फेकणारा तो गोलंदाज. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकणारा गडीही आज त्याच नावाने मिरवितो. हिंदीत ‘नजरअंदाज करणे’ म्हणजे दृष्टीआड टाकणे. मराठीत मात्र ‘नजरअंदाज’ म्हणजे डोळ्यांनी पाहून बांधलेला आडाखा. एकच शब्द एका घरी डोळे मिटतो, दुसऱ्या घरी उघडतो! ‘अनुमाना’ची जात निराळी. त्यात ‘मान’ म्हणजे माप आहे. अरबीतून आलेल्या ‘कयासा’तही मूळ भाव ताडून पाहण्याचाच आहे.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. आपल्या राज्यात पिकांची पैसेवारी ठरविली जाते. पूर्वी सोळा आणे म्हणजे भरपूर पीक असे धरून तिला आणेवारी म्हणत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे आण्यांचे पैसे झाले. प्रथम नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. आकडा ५० पैशांखाली उतरला म्हणजे गाव टंचाईग्रस्त धरण्याचा दीर्घकाळ प्रघात होता, आणि सवलती त्यावर अवलंबून असत. बांधावर उभ्या असलेल्या माणसाची नजर चुकली तर भोगणार शेतकरी! म्हणून नजरेवर न विसंबता ठरावीक मापाचा तुकडा कापावयाचा, मळावयाचा व धान्य तोलून पाहावयाचे. तो तुकडाही चिठ्ठी टाकावी तसा यदृच्छेने निवडला पाहिजे; नाही तर डोळा आपसूक बऱ्या पिकाकडे वळतो. ह्या पीककापणी प्रयोगांना १९४० नंतरच्या दशकात शास्त्रशुद्ध पाया घालून देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रगण्य होत.

तेव्हा अंदाज फेकू नये, असे आम्ही म्हणत नाही. मोहोर पाहून हापूसच्या बागेचा सौदा करणारा व्यापारी तो फेकल्यावाचून राहणार कसा? पण हंगाम सरता पेट्या मोजून तो आपल्या आडाख्याचा ताळा पाहतो. आमचे विद्यार्थी उत्तर ठोकून देतात, ताळा पाहण्याचा मात्र कंटाळा करतात. पालकांनी घरी एवढे करून पाहावे: अंगणात नारळांचा ढीग पडला की मुलास आधी आकडा विचारून वहीत लिहावयास लावावा, मग नारळ मोजावयास सांगावे, आणि दोन आकड्यांतील अंतर त्याच ओळीत त्याच्याच हाताने मांडवून घ्यावे.