विश्लेषण : मायग्रेनच्या रुग्णाला पोटाबद्दल का विचारायला हवे?

मायग्रेन म्हणजे अर्धशिशी हा डोक्याचा आजार आणि आतड्यांचा दाह हा पोटाचा, अशी सरळ विभागणी केली जाते. डोक्यासाठी एक डॉक्टर, पोटासाठी दुसरे. मात्र हे दोन्ही आजार एकाच व्यक्तीत अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आढळतात. अशा रुग्णांना डोकेदुखीवर सहज घेतलेली गोळी महागात पडू शकते.

आतड्यांचा दाह म्हणजे काय?

'आयबीडी' या नावाखाली प्रामुख्याने दोन आजार येतात : क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा भरकटते, आतड्यांना सूज येते आणि जखमा होतात. दीर्घकाळ जुलाब, शौचातून रक्त, पोटदुखी, वजन घटणे ही त्याची लक्षणे. 'आयबीएस' हा वेगळा आजार. त्यात पोट बिघडते, पण आतड्यांत जखमा नसतात.

संबंध किती पक्का?

दक्षिण कोरियात सुमारे एक कोटी लोकांच्या आरोग्य विम्याच्या नोंदी तपासण्यात आल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मायग्रेनच्या रुग्णांमध्ये आयबीडीचा धोका साधारण १.३ पट आढळला. मात्र आयबीडी मुळात कमी आढळतो. त्यामुळे मायग्रेनच्या बहुतांश रुग्णांना घाबरण्याचे कारण नाही. शिवाय एका आजारामुळेच दुसरा होतो, हे सिद्ध झालेले नाही.

डोके आणि पोट कसे जोडलेले?

शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि मायग्रेनमध्येही या रसायनाची भूमिका मानली जाते. 'सीजीआरपी' हे मायग्रेनच्या वेदनेशी निगडित रसायन आतड्यांतील मज्जातंतूंमध्येही असते. त्याचे काम रोखणाऱ्या एरेनुमॅब या मायग्रेनवरील औषधाने काहींना बद्धकोष्ठता होते, ती त्यामुळेच.

खरा धोका कुठे?

आपल्याकडे डोके दुखून उलटी झाली की 'पित्त झाले' म्हणायचे आणि शौचातून रक्त गेले की 'मूळव्याध असेल' म्हणून गप्प बसायचे, ही जुनी सवय. दोन्ही वेळा निदान लांबते. दरम्यान मेडिकलमधून चिठ्ठीविना गोळ्या आणल्या जातात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामकांनी आतड्यांच्या अस्तराला इजा होऊ शकते आणि आटोक्यात असलेला आयबीडी पुन्हा उफाळू शकतो. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस अशा गोळ्या घेतल्यास गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते, ते वेगळेच.

काय बदलायला हवे?

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, दोन प्रश्न लागतात. डोकेदुखीच्या रुग्णाला 'पोट कसे आहे, शौचातून रक्त जाते का?' आणि आयबीडीच्या रुग्णाला 'डोके दुखल्यावर कोणती गोळी घेता?' गर्दीच्या ओपीडीतही यासाठी अर्धा मिनिट पुरतो. औषध विक्रेत्यांनीही वेदनाशामक देण्याआधी पोटाच्या आजाराची चौकशी करायला हवी. पॅरासिटामॉल किंवा मायग्रेनसाठीची ट्रिप्टान गटातील औषधे हे पर्याय आहेत; पण हृदयविकार असलेल्यांना ट्रिप्टान चालत नाहीत, म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी. रुग्णांनी मात्र एक पथ्य पाळावे : डॉक्टर कोणतेही असोत, सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह.