चीनमधील उमेदवार डॉक्टर व रुग्णाची भाषा

आपल्या मुलाने अगर मुलीने डॉक्टर व्हावे अशी इच्छा घरात निर्माण झाली आहे, पण सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली नाही आणि खाजगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, अशा घरात आज चीनचे नाव हटकून निघते. मग फी किती, वसतिगृह कसे, थंडी सोसेल काय, जेवणाचे काय, हे सर्व प्रश्न बारकाईने विचारले जातात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, आमचे हे लेकरू ज्या रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून विद्या शिकणार, त्या रुग्णाशी ते कोणत्या भाषेत बोलणार? आमचे स्पष्ट मत आहे की, सर्व प्रश्नांत हाच पहिला प्रश्न होय; आणि त्याचे उत्तर ज्यांच्यापाशी नाही त्यांनी मुलांना चीनला धाडण्याची घाई करू नये.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे. शिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, म्हणजे आपल्या साध्या भाषेत उमेदवारी, पुरी केली पाहिजे. आणि स्वदेशी परतल्यावर पुन्हा १२ महिने. या व्यवस्थेत एक मेख आहे. वर्गातील भाषा इंग्रजी असावी, असे नियम सांगतो; परंतु वॉर्डातील भाषा कोणती असावी हे कोणताही नियम ठरवू शकत नाही. ती रुग्ण ठरवतो, आणि चीनमधील रुग्ण चिनी बोलतो.

उमेदवाराचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी आठच्या सुमारास रात्रपाळीचे डॉक्टर व परिचारिका रात्री काय घडले याचा अहवाल वाचून दाखवतात. तो चिनी भाषेत. मग वरिष्ठ डॉक्टर खाटेखाटेने फिरतात, रुग्णाला प्रश्न विचारतात, नातेवाइकांचे ऐकून घेतात. तेही चिनी भाषेत. केसपेपर चिनी लिपीत लिहिलेले असतात. कोणाची पाळी कोठे, याची सूचना ‘वीचॅट’वर येते, तीही चिनी लिपीतच. दुपारी जेवणानंतर विश्रांतीची सुटी, संध्याकाळी पुन्हा काम, आणि मग वसतिगृह. घरी बोलावे म्हटले तर तेथे व्हॉट्सॲप बंद, आणि ‘वीचॅट’वर भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेली. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्याकडे आईची भाकरी होऊन साडेसात वाजावेत तेव्हा तेथे रात्रीचे दहा वाजलेले असतात. अशा एकाकीपणात ज्याला भाषा येत नाही तो काय करतो? तो सर्वांच्या मागे उभा राहतो. मान डोलावतो. वही उघडी ठेवतो. दिवस संपला की सही घेतो.

हे मागे उभे राहणे आम्हांस सर्वांत अधिक बोचते. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या मागे उभे केले गेले, त्यांच्या मुलांनी लाखो रुपये खर्चून पुन्हा मागे उभे राहावयास जावे, ही गोष्ट समाधानाची कशी म्हणावी? तेव्हा मागे उभे करणारा दुसरा होता. येथे मात्र भाषा शिकण्याचा आळस आणि ती न शिकवता फी घेणारी संस्था, या दोहोंनी मिळून तरुणाला मागे सारले आहे.

कोणी म्हणेल, रक्ताची तपासणी आहे, क्ष-किरण आहे, मोबाईलवर भाषांतर करणारे यंत्र आहे. मग भाषेवाचून काय अडते? ज्यांना असे वाटते त्यांनी आपल्याच गावच्या दवाखान्यात घटकाभर बसावे. आपला रुग्ण नुसते ‘दुखते’ असे म्हणत नाही. पोटात कळ येते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पायाला मुंग्या येतात, छातीत जळजळते, असे तो सांगतो. प्रत्येक शब्दातून डॉक्टरला रोगाची निराळी दिशा कळते. चिनी रुग्णाचेही तसेच आहे. ‘थंग’ म्हणजे दुखणे, ‘स्वान’ म्हणजे आंबून गेल्यासारखे होणे, ‘मा’ म्हणजे बधिरता, ‘झांग’ म्हणजे तटतटणे. शिवाय ती भाषा स्वरांची. ‘याओ’ हा एकच उच्चार उंच व सपाट स्वरात केला तर कंबर, वळवून केला तर चावणे, आणि खाली पाडला तर औषध! वयोवृद्ध रुग्ण तर पुष्कळदा आपल्या प्रांताची बोली बोलतात. ती वर्गात शिकलेल्या प्रमाण चिनीहून वेगळी. तेथे यंत्र शब्द देईल; पण रुग्ण बोलता बोलता का थांबला, हे यंत्र सांगणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे. “आम्हांला भारतातच परतावयाचे आहे, चिनी भाषा शिकून उपयोग काय?” याला उत्तर असे की, उमेदवारी ही भाषेसाठी नसते, हातासाठी असते, परंतु हात रुग्णापर्यंत पोहोचतो तो भाषेच्या वाटेने. जो रुग्णाची हकीकत स्वतः घेऊ शकत नाही, त्याच्यावर वरिष्ठ डॉक्टर कोणते काम सोपवतील? चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१८ साली ठरवलेल्या मानकांनुसार परभाषेतून पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासही पदवीपर्यंत चिनी भाषेची चौथी श्रेणी गाठणे आवश्यक आहे. २०२२ साली बीजिंगच्या भारतीय दूतावासाने हीच गोष्ट विद्यार्थ्यांना बजावली. त्याच वेळी दूतावासाने असेही प्रसिद्ध केले की, २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातील परदेशी पदवीधरांची परीक्षा दिली आणि ६,३८७ उत्तीर्ण झाले. म्हणजे शंभरांत सोळा! या अपयशाची कारणे अनेक असतील. सारा दोष भाषेवर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्याने रुग्णाच्या खाटेजवळ रोग पाहिला, ऐकला आणि हाताळला, त्याला तो परीक्षेत आठवतो. ज्याने तो केवळ पुस्तकात वाचला, त्याला विसरावयास वेळ लागत नाही, हे कोणता शिक्षक नाकारील?

या वाटेने आपल्यापैकी एक जण पूर्वी गेलेला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, तेव्हा त्यांचे वय २७-२८ वर्षांचे होते. त्यांना इंग्रजीत शिकवणारे कोणी नव्हते आणि मोबाईलचे यंत्रही नव्हते. ते चिनी बोलावयास, वाचावयास शिकले. रुग्ण तपासू लागले. तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागले. बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. आज चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे. परका मनुष्य आपल्या बोलीत दुखणे विचारतो, तेव्हा रुग्णाच्या मनात तो परका राहत नाही, हाच त्यांच्या आयुष्याचा धडा आहे.

म्हणून पालकांस आमचे सांगणे आहे की, दलालाच्या गोड बोलण्यावर न जाता संस्थेला लेखी विचारा: चिनी भाषा किती वर्षे शिकवता? रुग्णालयात उमेदवाराला रुग्णाशी बोलू देता काय? त्याने लिहिलेली हकीकत कोण तपासतो? उत्तर गोलमाल असेल तर तेथे पैसा ओतू नका. आणि तरुण बंधुभगिनींनो, भाषेचा अभ्यास उमेदवारीच्या वर्षावर ढकलू नका. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात सुरू करा. भोजनगृहात वाढणाऱ्या बाईशी बोला, वसतिगृहाच्या दारवानाशी बोला, चुका करा, हसू झाले तर होऊ द्या. रक्तदाब मोजणे, पट्टी बदलणे, रुग्णाची खुर्ची ढकलणे, यांपैकी कोणतेही काम हलके मानू नका. सहीचे कागद पुरे करून आलेला डॉक्टर आणि काम शिकून आलेला डॉक्टर, यांतील फरक आपल्या गावच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी कळतो.

“नी नार बूशूफू?” म्हणजे “तुम्हांला कोठे बरे वाटत नाही?” एवढा एक प्रश्न नीट स्वरात विचारता आला आणि त्याचे उत्तर समजले, की उमेदवार मागच्या रांगेतून खाटेजवळ येतो. त्याची जागा तेथेच आहे.