आर्नोकाठची छत्री

रोहे येथील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असून एका सत्रासाठी सप्टेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स या नगरीत जाणार आहेत. ‘सुटीच्या दिवशी त्याने तेथे काय पाहावे, ते लिहा,’ अशी त्यांची विनंती आहे. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे : ‘आणि तो तेथे खाईल काय?’ खरा प्रश्न हाच असावा, म्हणून उत्तराचा प्रारंभ येथूनच करतो.

तस्कनी प्रांताच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘सोफ्रित्तो’. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून ऑलिव्हच्या तेलात परतायची आणि मग त्यात बाकीचे घालायचे. तिघांपैकी दोन जिन्नस आपल्या घरी वर्ज्य. त्यामुळे वरून निर्दोष दिसणारे डाळीचे वा भाजीचे सार मागवण्यापूर्वी ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’, म्हणजे कांदा नको, लसूण नको, हे शब्द मुलाने पाठ करावेत. त्याहून फसवे आहे ते चीज. पार्मेजान हे प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातील रेनेट या द्रव्याने दूध साकळवून केले जाते आणि त्याला अपवाद नाही. पुड्यावर ‘कालियो वेजेताले’ असे छापलेले असेल, तर ते चीज वनस्पतिजन्य द्रव्याने साकळवलेले असते. पान्ना कोत्ता या गोड पदार्थात जिलेटिन असते आणि आइस्क्रीमच्या अनेक प्रकारांत अंडे असते, हेही विचारून घ्यावे. उलट ‘चेचीना’ नावाचा चणाडाळीच्या पिठाचा, तेल-मिठाचा भाजलेला पोळा आपल्या धिरड्याचा सख्खा भाऊ शोभेल. चेस्टनटच्या पिठाचा ‘कास्तान्याच्चो’ तर अंड्याशिवाय आणि साखरेशिवाय होतो. तस्कनीच्या पावात मीठ नसते. पहिला घास घेताना चेहरा वाकडा होईल, पण पेणचा पापड सोबत असल्यास ती उणीव सहज भरून निघेल.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असेल, तर डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, हे लक्षात असू द्यावे. खानावळी मात्र रात्रीच्या जेवणासाठी साडेसातनंतर उघडतात. तात्पर्य, खोलीवर शेगडी असेल अशीच जागा पाहावी. हे एक जमले, तर बाकीची काळजी निम्म्याने उतरते.

आता नगरदर्शनाकडे वळू. स्थळांची जंत्री मार्गदर्शक पुस्तकांत मिळतेच. ती येथे देत नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी सान्ता मारिया देल फ्योरे या मुख्य चर्चचा घुमट पाहावा आणि त्यासाठी सारा दिवस राखून ठेवावा. सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीच्या अष्टकोनी पोकळीवर विटांचा घुमट उभारायचा होता. एवढ्या पसाऱ्याला खालून आधार देणारा लाकडी साचा उभारणे जवळजवळ अशक्यच होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने साच्यावाचूनच ते काम १४२० मध्ये आरंभले आणि १४३६ मध्ये पुरे केले. एकात एक अशी दोन कवचे, आणि विटा माशाच्या काट्याप्रमाणे तिरप्या-उभ्या गुंफलेल्या. त्यामुळे प्रत्येक थर वाळेपर्यंत घसरत नसे. हा ब्रुनेलेस्की गवंडी नव्हता, मूळचा सोनार होता! ४६३ पायऱ्या चढून वर जाताना वाट दोन कवचांच्या मधूनच जाते आणि विटांची ती गुंफण हाताच्या अंतरावर दिसते. वेळ आधी नोंदवावी लागते. लिफ्ट नाही, हे बरेच आहे.

याच ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये आरंभलेली एक इमारत प्रवासी सहसा ओलांडून जातात. ती म्हणजे टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांचे आश्रयस्थान, ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’. रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने हे उभारले आणि १४४५ मध्ये ते खुले झाले. मुख्य चर्चच्या बांधकामाची व्यवस्था लोकर व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे होती, बाप्तिस्मागृहाचा सांभाळ कापड व्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे. फ्लॉरेन्स राजांनी घडवली, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तिची घडण प्रथम पेढीवर बसणाऱ्यांनी, वहीखाते लिहिणाऱ्यांनी केली. मेदिची घराणेही मूळचे सावकारच. धर्मशाळा, पांजरपोळ आणि विद्यार्थिगृहे ज्यांच्या देणग्यांवर उभी आहेत, त्या समाजातील मुलाला ही कमान अधिक आपली वाटावी. कमानींच्या मधोमध निळ्या भूमीवर दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत. ती आंद्रेआ देल्ला रोब्बियाने भाजलेल्या मातीवर झिलई चढवून घडवली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची माती, साचे आणि शेवटी डोळ्यांची आखणी ज्याने लहानपणापासून पाहिली आहे, त्याला या बाळांपुढे थांबवावे लागणार नाही.

मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहून आपल्याकडील काही मंडळी संकोचतात. नग्न पुतळ्यापुढे उभे राहण्याचा संकोच आपण तरी का बाळगावा? श्रवणबेळगोळच्या बाहुबलींपुढे आपण लहानपणीच उभे राहिलो आहोत. चामुंडरायाने इ. स. ९८१ च्या सुमारास घडवून घेतलेली ती मूर्ती ५७ फुटांची, एकसंध पाषाणाची. डेव्हिड सतरा फुटांचा, संगमरवराचा. शिल्पकाराने तो १५०१ ते १५०४ या काळात घडवला, आणि तोही इतरांनी हात लावून वर्षानुवर्षे सोडून दिलेल्या एका शिळेतून. परंतु भेद उंचीचा नाही. डेव्हिड युद्धापूर्वीच्या क्षणी उभा आहे : कपाळावर आठी, खांद्यावर गोफण, उजव्या हाताच्या शिरा ताठ. बाहुबली युद्ध जिंकून, जिंकलेलेही टाकून उभे आहेत आणि त्यांच्या देहावर वेली चढल्या आहेत. दोन्ही पाहिलेला विद्यार्थी माझ्या मते अधिक भाग्यवान.

भिंतींवर ठिकठिकाणी लहान पाट्या दिसतील, डोक्याच्याही वर लावलेल्या. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचे पाणी कोठवर चढले होते, त्याच्या त्या खुणा आहेत. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्याला आणि जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने नागोठण्यात काय केले ते घरच्यांकडून ऐकलेल्याला या खुणा निराळ्या भाषेत वाचाव्या लागणार नाहीत. राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ त्या वेळी चिखलात बुडाले. देशोदेशींचे विद्यार्थी धावून आले आणि हातोहात पुस्तके वर काढू लागले. फ्लॉरेन्सवासी त्यांना अजूनही ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात.

या ग्रंथालयाचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. आंजेलो दे गुबेरनातिस हे प्राच्यविद्येचे पंडित १८८५-८६ मध्ये हिंदुस्थानात आले होते. त्यांनी येथून नेलेल्या जैन हस्तलिखितांमुळे फ्लॉरेन्समध्ये प्राकृत आणि जैन ग्रंथांच्या अभ्यासाला साधन मिळाले. पुढे याच नगरीच्या विद्यापीठात लुइजी पियो तेस्सितोरी नावाचा उदिनेचा तरुण शिकला आणि १९१० मध्ये पदवीधर झाला. धर्मदासगणींची ‘उवएसमाला’ त्याने १९१२ मध्ये इटलीत प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने हिंदुस्थानची भूमी पाहिलीही नव्हती. १९१४ मध्ये तो येथे आला, आचार्य विजयधर्मसूरींचा स्नेही झाला आणि राजस्थानच्या वाळवंटात उंटावरून फिरून शिलालेख व चारणी काव्याची हस्तलिखिते गोळा करीत राहिला. १९१९ मध्ये आईच्या आजाराची वार्ता आल्याने तो मायदेशी निघाला, पण त्याच्या आधीच आई गेली होती. नोव्हेंबरात तो परतला तो आजारी होऊनच, आणि २२ नोव्हेंबरला बिकानेरमध्ये वारला. वय एकतीस. त्याची समाधी बिकानेरमध्येच आहे.

हे वाचून भगिनींच्या मनात धास्ती उत्पन्न व्हावी, हा हेतू नाही. पण फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी मुलाने एक स्थळ पाहिलेच पाहिजे, आणि त्याची कथाही अशीच उलट दिशेने घडलेली आहे, म्हणून ती टाळता येत नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८६६ मध्ये सोळाव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसले. इंग्रजी शिकले, राज्यकारभाराचे धडे घेतले, आणि समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाण्याच्या त्या काळात १८७० मध्ये कॅप्टन वेस्ट यांच्यासमवेत इंग्लंडला गेले. हिंदू सेवकवर्ग बरोबर होता. वय वीस. म्हणजे आजच्या हिशेबाने पदवीच्या वर्गातला विद्यार्थीच. पार्लमेंट पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, विद्यापीठे पाहिली, आणि रोज रात्री त्या दिवशी काय पाहिले, ते इंग्रजीत रोजनिशीत लिहून ठेवले. परतीच्या वाटेवर, युरोपातून येताना, प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती आणि डेव्हिडचा पुतळा अजून चौकात उघड्यावर होता. यांपैकी महाराजांना काय पाहता आले असेल? ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्याच नगरीत त्यांचे देहावसान झाले.

सोबतच्या लोकांपुढे मग जो प्रश्न उभा राहिला, त्याची कल्पना करावी. परका देश, परका धर्म, आणि दहनाची चालच नाही. इटलीतील पहिली आधुनिक दहनभूमी मिलानला १८७६ मध्ये उभी राहिली आणि कायद्याने दहनाला सर्वत्र मान्यता मिळण्यास १८८८ उजाडले. अशा वेळी नगराच्या अधिकाऱ्यांनी अपवाद म्हणून अनुमती दिली. संगमाची जागा हवी होती, म्हणून कासीने उद्यानाच्या अगदी टोकाला, जेथे मुन्योने हा ओढा आर्नोला मिळतो, तेथे रात्रीच्या अंधारात चिता रचली गेली. राज्याचा धनी आणि त्याला अग्नी देणारे मूठभर सेवक! माणसाने परक्याच्या रीतीपुढे मान लववावी, याचे उदाहरण मी शोधतो तेव्हा मला त्या अधिकाऱ्यांची आठवण होते.

तेथे १८७४ मध्ये स्मारक उभारले गेले. चार्ल्स मँट यांनी छत्रीचा आराखडा केला आणि फुलर या शिल्पकाराने महाराजांचा अर्धपुतळा घडवला. फेटा, दागिने, अंगरखा, सारे रंगीत. लेख चार भाषांत आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉल पाहिलेल्यांनी ध्यानात घ्यावे की तेही याच मँटचे काम. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इन्दियानो’ म्हणतात. १९७८ मध्ये जवळच झालेल्या पुलालाही तेच नाव मिळाले. महाराजांची रोजनिशी वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. कोल्हापुरात त्यांच्या नावाने राजाराम कॉलेज निघाले. पुढे आपले अण्णासाहेब लठ्ठे तेथे प्राध्यापक होते, आणि त्याच गादीवर आलेल्या शाहू महाराजांच्या काळात, १९०१ मध्ये, दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले.

राहता राहिली वाट. मंगळवारी सकाळी कासीने उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो. तेथवर ट्राम जाते. फळे आणि चण्याचे पीठ तेथेच घ्यावे, आणि मग नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालू लागावे. उद्यान सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. पावसाळी हवेत चपला चिखलात रुततात, म्हणून बूट घालून जावे. झाडे संपतात तेथे, संगमावर, छत्री दिसते.