आमची थोबाडं आणि त्यांच्या खुर्च्या

'भारदस्त' हा आपल्या भाषेतला मोठा साळसूद शब्द आहे. 'भारदस्त व्यक्तिमत्त्व' म्हटलं की डोळ्यांपुढं कोण येतं, खरं सांगा. धारावीत चामड्याचा कारखाना चालवणारा, वीस कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला चुकता करणारा, काळा, बुटका, पुढचे दोन दात किडलेला माणूस येतो का? नाही येत. येतो तो उंच, उजळ, नाकेला, आवाज खालच्या पट्टीत ठेवून बोलणारा. हा इसम धंदा चालवू शकतो की नाही याचा कुणाला पत्ता नाही, पण तो चालवील याची खात्री सगळ्यांना. त्या एका शब्दानंच अर्धी मुलाखत मारून नेलेली असते.

दोस्तहो, हा विषय घेतला कारण गेल्या काही वर्षांत आपल्यातली बरीच पोरंपोरी एमबीए होऊन काचेच्या इमारतींत शिरली आणि एका ठरावीक पायरीवर येऊन अडकली. डिग्री आहे, टार्गेट पुरं केलंय, हाताखालची माणसं खूश आहेत. नाही काय, तर म्हणे 'लीडरशिप प्रेझेन्स' नाही! हा प्रेझेन्स कुठल्या दुकानात मिळतो, किलोला काय भाव? मलाही एका कंपनीत साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "तुमचं काम उत्तम आहे हो, पण क्लायंटसमोर बसवायचं म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी चहात बुडवलं. मी ते अजून गाळून घेतोय.

वरून आपल्याला शिकवलं जातं की बाजाराला जात नसते, रंग नसतो, बाजार फक्त नफा ओळखतो. बरं, मग बाजाराच्या काशीलाच जाऊ. अमेरिकेत.

ड्यूक विद्यापीठातले जॉन ग्रॅहम, कॅम्पबेल हार्वे आणि मंजू पुरी या तिघांनी जवळपास दोन हजार लोकांपुढं फोटोंच्या जोड्या ठेवल्या. जोडीत एक कंपनीचा सर्वेसर्वा, म्हणजे सीईओ, आणि दुसरा सीईओ नसलेला. नाव नाही, गाव नाही, नुसतं थोबाड. लोकांना सीईओंचे चेहरे जास्त 'लायक' वाटले. आवडण्याजोगे मात्र कमी वाटले. मोठ्या कंपनीचा सीईओ छोट्या कंपनीच्या सीईओपेक्षा जास्त लायक दिसला. पुढं त्यांनी पगार तपासले. ज्याचा चेहरा लायक दिसतो त्याचा पगार जास्त, आणि नुसत्या देखणेपणापेक्षा या 'लायक दिसण्याला' भाव जास्त. मग अशा चेहऱ्याच्या माणसाची कंपनी चालते तरी जास्त चांगली का? तसा पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१७ साली हे 'मॅनेजमेंट सायन्स' नावाच्या नियतकालिकात छापून आलं. ते काही आपल्या पँथरांचं पत्रक नव्हे.

म्हणजे नफा ओळखणारा बाजार थोबाडाला पगार देतो आणि थोबाड त्याला नफा देत नाही. याला इंग्रजीत मेरिट म्हणतात, मराठीत गुणवत्ता. आमच्या आरक्षणावर बोलताना हाच शब्द दिवाणखान्यात कसा फणा काढतो ते तुम्ही ऐकलंच असेल.

उलट बाजूचा पुरावाही आहे, तो मी खिशात दडवत नाही. हॅलफोर्ड आणि ह्सू या दोघांनी ६७७ सीईओंचे चेहरे मापले आणि दाखवलं की देखणा माणूस खुर्चीवर बसला की सुरवातीच्या दिवसांत कंपनीचा शेअर वर जातो. जाईलच. शेअर घेणारेही त्याच दिवाणखान्यात वाढले, त्यांचे डोळे काही चंद्रावरून आले नाहीत. सगळ्यांनी मिळून एका चेहऱ्यावर पैसा लावला की तो चेहरा मौल्यवान होतोच, देवळातल्या दगडासारखा.

आणि बाई असली की हाच हिशेब उलटा फिरतो. १९८५ साली हाइलमन आणि स्टोपेक यांनी दाखवून दिलं, की देखणा पुरुष वर चढला तर लोक त्याचं श्रेय त्याच्या कर्तबगारीला देतात; देखणी बाई वर चढली तर तिच्या कर्तबगारीवरच शंका घेतात. सुंदर नसली तर रिसेप्शनला नको, असली तर केबिनमध्ये नको. यावर एक अख्खा अंक आपल्या मैत्रिणींनी काढावा, माझ्या दोन ओळींनी भागणार नाही.

पण ज्या निष्कर्षानं माझी झोप उडवली तो वेगळाच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ज्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, त्या काळ्या माणसांच्या देशातला तो आहे. २००९ साली लिव्हिंग्स्टन आणि पीअर्स या दोघांनी अमेरिकेतल्या काळ्या सीईओंचे चेहरे गोऱ्या सीईओंच्या चेहऱ्यांशेजारी ठेवून लोकांना विचारलं. काळे सीईओ जास्त बाळसेदार, लहान मुलाच्या चेहऱ्याचे दिसले. गोल, मऊ, निरुपद्रवी. एवढंच नाही, काळ्या सीईओंमध्येही ज्याचा चेहरा जास्त पोरासारखा, त्याची कंपनी जास्त नामांकित आणि त्याचा पगार जास्त. गोऱ्यांमध्ये असं काही आढळलं नाही. याला त्यांनी नाव दिलं 'टेडी बेअर इफेक्ट'. भुसा भरलेलं अस्वल. नख नाही, दात नाही.

बघा आता. गोऱ्याचा चेहरा पक्का, कणखर दिसला की लोक म्हणतात, हा लायक. तोच कणखरपणा काळ्याच्या चेहऱ्यावर दिसला की म्हणतात, हा धोका. मग सौंदर्याचा संबंध राहिला कुठं? ज्यांच्या हातात खुर्ची आहे त्यांना कुणासमोर बसून घाम फुटत नाही, एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडचा 'नम्र मुलगा आहे हो, त्यांच्यातला वाटतच नाही' हा दाखला याच कारखान्यातून निघतो. तुमच्यापैकी किती जण तो दाखला घेऊन वर गेलेत आणि आता हसून हसून गाल दुखतायत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आणि इथल्या खुर्च्या? अजित, डॉन्कर आणि सक्सेना यांनी देशातल्या एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालकांची जात मोजली; २०१२ साली ते 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलं. जवळपास ९३ टक्के उच्चवर्णीय. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून साडेतीन टक्के. पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंतींवर एकाच गोताचे फोटो टांगलेले असतील तर बघणाऱ्याच्या डोळ्यात 'साहेब' म्हणजे तोच चेहरा बसणार. आधी खुर्ची बळकावली, मग तिच्या मापाचं थोबाड ठरवलं, आणि आता त्या मापानं आम्हाला मोजतायत. आमच्यात काय गोरे नाहीत? आहेत की, घारेसुद्धा आहेत. त्यांना आडनाव विचारतात. थोरात आणि अ‍ॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास तेच सांगतो: सारख्याच शिक्षणाचे अर्ज खासगी कंपन्यांना धाडले, फक्त आडनावं बदलली, तर दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोनतृतीयांशच निघाली. फोटो नव्हता, तरी चेहरा दिसला!

या दुखण्यावर बाजारानं औषधही काढलं. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरनं 'फेअर अँड लव्हली' आणली आणि पुढं जाहिरातींत काळी पोरगी ट्यूब चोळून नोकरी मिळवायला लागली. २०२० साली अमेरिकेत काळी माणसं रस्त्यावर उतरली, त्याच सुमारास ट्यूबवरचा 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. ट्यूब तीच.

इथं कुणी विचारील, आणि विचारायलाच पाहिजे: मग बाबासाहेबांनी सूट का घातला? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या आयाबायांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली, ज्या जाडजूड दागिन्यांवरून अस्पृश्य ओळखू येते ते टाकायला सांगितले, ते कशासाठी? माझ्या मते त्याचा आणि या क्रीमचा काडीचा संबंध नाही. ती खूण दुसऱ्यांनी आपल्या अंगावर लादली होती, ती फेकून द्या, एवढं ते सांगणं. सूट घालून ते कुणाला आवडायला गेले नव्हते. समोरच्याला घाम फुटला तर फुटू दे, ही त्या कोटाची शिलाई. टेडी बेअर होऊन वर जाणं ही दुसरी गोष्ट. पोटासाठी कुणी ते करत असेल तर मी त्याच्यावर थुंकणार नाही, घरभाडं मलाही भरावं लागतं. पण त्याला समाजाची प्रगती म्हणून हारतुरे घालू नका.

आता तर म्हणे मशीन निवड करणार. हायरव्ह्यू नावाच्या अमेरिकन कंपनीनं व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्याचे हावभाव मोजून गुण द्यायचा उद्योग करून बघितला. ओरड झाली तेव्हा तो बंद केल्याचं २०२१ साली जाहीर केलं. पुढचा कुणीतरी करणारच. मशीनला लायक चेहरा दाखवणार कोण? तेच, भिंतीवरचे फोटोवाले.

तेव्हा पुढच्या वेळी बढती नाकारून कुणी 'पर्सनॅलिटी' म्हणाला तर गप्प उठून येऊ नका. लेखी मागा. कुठल्या कामात, कुठल्या आकड्यात कमी पडलो ते कागदावर द्या म्हणा. देणार नाहीत, पण न देण्याचीही तारीख पडते, आणि खासगी क्षेत्रातल्या आरक्षणासाठी उद्या भांडायला बसू तेव्हा अशा तारखांची चळत लागेल.

पुढचा अंक याच तारखांचा करायचा आहे. मुलाखतीत, बढतीत तुम्हाला काय ऐकवलं ते जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत, वर्ष घालून लिहून पाठवा. शुद्धलेखनाची फिकीर नको. नाव नको असेल तर छापणार नाही. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांनी तीही सोबत पाठवावी, छापखान्याचं बिल अजून द्यायचंय.