काटा उतरला, पण कमी झाले काय?

पुण्याची तळजाई, दादरचे शिवाजी पार्क किंवा कोल्हापूरचा रंकाळा. भल्या पहाटे कुठेही गेले तरी झपझप चालणाऱ्यांची वर्दळ दिसते. त्यांतील अनेक जण चहाचा घोटही न घेता घराबाहेर पडलेले असतात. रिकाम्या पोटी व्यायाम केला की शरीर थेट चरबीच जाळते, हा समज जिमपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पक्का झाला आहे. पहाटे उठून चालणे कौतुकाचेच. मात्र या समजापायी एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. वजन चार किलोने उतरले, तर त्यात चरबी किती आणि स्नायू किती?

हा समज अगदीच निराधार नाही. रात्रभर पोट रिकामे राहिल्यावर रक्तातील इन्सुलिन कमी असते आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठाही घटलेला असतो. अशा वेळी मध्यम गतीने चालताना किंवा पळताना इंधन म्हणून चरबीचा वाटा वाढतो. पण शरीर हिशेब तासाचा ठेवत नाही. सकाळी चरबी अधिक वापरली गेली, तर पुढे दिवसभरात कर्बोदकांचा वापर वाढतो आणि जमाखर्च बराचसा जुळतो. अमेरिकेतील ब्रॅड शोनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे २० तरुणींवर तपासले. आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम आणि मोजका आहार असा चार आठवड्यांचा क्रम होता. निम्म्या जणींनी उपाशीपोटी व्यायाम केला, निम्म्यांनी काही खाऊन. दोन्ही गटांचे वजन आणि चरबी कमी झाली, पण गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोग छोटा आणि अल्पकाळाचा होता. तरी त्यातून निघणारा अर्थ साधा आहे. चरबी घटते ती दिवसभराच्या आहारातील तुटीमुळे; सकाळचे पोट रिकामे आहे की भरलेले, यावर फारसे अवलंबून नसते.

खरा धोका वेगळाच आहे. खाणे कमी झाले की शरीर काटकसर सुरू करते. स्नायू सांभाळणे हे खर्चाचे काम. त्यांच्यावर भार पडत नसेल आणि आहारात प्रथिनेही पुरेशी नसतील, तर कात्री त्यांनाही लागते. ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या १६० स्थूल व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहारनियंत्रणाबरोबर एका गटाला चालण्यासारखे एरोबिक व्यायाम दिले, दुसऱ्याला वजन उचलण्याचे, तिसऱ्याला दोन्ही. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्क्यांनी घटले. पण चरबी वगळता उरणारे वस्तुमान, ज्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, ते केवळ एरोबिक करणाऱ्यांत ५ टक्क्यांनी घटले. वजन उचलणाऱ्यांत २ आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्क्यांनी. शारीरिक क्षमता सर्वाधिक सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. वजनकाट्याला यातला कोणताच फरक दिसला नसता.

भारतीयांसाठी ही बाब अधिकच गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी ही आपली ठेवण. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. त्यामुळे ज्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे, तेथे आधीच कमी असलेले स्नायू गमावून बारीक होणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

उपाय महागडा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते. पहिला अर्धा भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा सोयीस्करपणे विसरला जातो. त्यासाठी जिमच हवी असे नाही. तालमीतल्या जोर-बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, रबरी पट्टा किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या यांवरही सुरुवात होते. भार हळूहळू वाढवत नेला पाहिजे, एवढेच पथ्य.

ताटाकडेही पाहायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे; म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. खाणे कमी करून व्यायाम करणाऱ्यांना त्याहून अधिक लागतात. चालून आल्यावर चहा-बिस्किटे, दुपारी निव्वळ सॅलड आणि उपवासाला साबुदाणा, या क्रमात प्रथिने जवळपास नसतातच. मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठले, दही, पनीर, अंडी, मासे यांना प्रत्येक जेवणात जागा मिळाली, तर पावडरच्या डब्याची गरज बहुतेकांना पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तसेच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना उपाशीपोटी व्यायामात साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. त्यांनी सल्ल्याशिवाय तसे करू नये. इतरांनी सोसत असेल तर रिकाम्या पोटी चालावे, चक्कर येत असेल तर केळे खाऊन निघावे.

‘वजन कमी करा, रोज चाला’ हा दवाखान्यातला सल्ला आता अपुरा आहे. त्याला ‘आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा आणि डाळ-उसळ वाढवा’ ही जोड द्यायला चिठ्ठीवर एक ओळ पुरते. महापालिकांनी बागांमध्ये ओपन जिम बसवल्या. तेथे आठवड्यातून दोन दिवस जाणकार प्रशिक्षक उभा केला, तर त्या यंत्रांचाही उपयोग होईल. आणि पहाटे चालणाऱ्यांनी काट्याबरोबर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. कंबरेचा घेर कमी होतो आहे का, आणि हात न टेकता खुर्चीतून पूर्वीइतक्याच सहज उठता येते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तरच उतरलेले वजन सत्कारणी लागले म्हणता येईल.