कोरी राहिलेली कौलं

फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवं पाळणारे लोक उन्हाळ्यात चुना फासलेली कौलं पाण्यात ठेवतात. दोन-तीन आठवडे तरंगत राहिलेली कालवांची पिल्लं त्यांवर येऊन चिकटतात. १९७७ नंतर सलग काही वर्षं ही कौलं जवळजवळ कोरीच वर आली. कारण होतं ट्रायब्युटिलटिन. बोटींच्या तळाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातलं विष.

फलनानंतर साधारण दिवसभरातच या पिल्लाला डी अक्षराच्या आकाराचा, काचेसारखा शिंपला येतो. नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढा हा जीव. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा काही अब्जांश भाग विष असलं, तरी त्याची वाढ खुंटते. मोठी कालवं मात्र तगली होती. शिंपले तेवढे जाड, वेडेवाकडे झाले. म्हणूनच फक्त प्रौढ प्राण्यांवरच्या चाचण्या पाहून एखादं रसायन निर्धोक ठरवणं आम्हाला साफ नामंजूर आहे.

१९८२ मध्ये फ्रान्सनं लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली आणि कौलं पुन्हा भरू लागली. जगभरच्या जहाजांसाठीचा बंदीचा करार लागू व्हायला मात्र २००८ साल उजाडलं.